पीकेजीसोर्स : जुनी लायब्ररी अपडेट करून तिच्यावर नवं पॅकेज घालायचंय

कौस्तुभ_एस

नमस्कार मंडळी. माझ्या लॅपटॉपवर नेटबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. कामाच्या लिनक्स मशीनवर मला रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) नाही, म्हणून तिथे होम डिरेक्टरीतच पीकेजीसोर्स (नेटबीएसडीची, सोर्समधून सॉफ्टवेअर बसवणारी पॅकेज सिस्टीम) बूटस्ट्रॅप करून वापरतो. दोन्हीकडे एकच ट्री, म्हणजे पॅकेजेसच्या कृतींचा एकच साठा, ही सोय मला फार आवडते.

आता मला एक छोटा सी प्रोग्रॅम हवा आहे. गाण्यांच्या फायलींमधले टॅग टर्मिनलवरून बदलतो. तो पीकेजीसोर्समध्ये नाही. त्याला लागणारी लायब्ररी आहे, पण जुनी आहे. अपस्ट्रीमनं, म्हणजे ती मुळात लिहिणाऱ्यांनी, मध्यंतरी मोठी आवृत्ती काढली आणि प्रोग्रॅमला नेमकी तीच लागते. मी लायब्ररीच्या मेकफाईलमध्ये (पॅकेजच्या कृतीत) आवृत्तीचा आकडा बदलला, डिस्टइन्फो (सोर्सची ओळख पटवणाऱ्या चेकसमची फाईल) नव्यानं तयार केली आणि लिनक्सवर बिल्ड झालं. मग प्रोग्रॅमसाठी मेकफाईल लिहिली. तोही बिल्ड झाला, चालतोय.

एवढं पाठवून दिलं तर चालेल का? लायब्ररीच्या मेकफाईलमध्ये मेनटेनर म्हणून एका डेव्हलपरचं नाव आहे, त्यांना आधी विचारावं लागतं का? कुठल्याही ट्रीत आजवर काही पाठवलेलं नाही, तेव्हा अगदी मुळापासून सांगितलंत तरी हरकत नाही.

वरदा_बिल्ड

कौस्तुभ, नक्की पाठवा. फक्त लायब्ररी आणि प्रोग्रॅम एकाच पॅचमध्ये (बदलांच्या फाईलमध्ये) पाठवू नका. प्रोग्रॅम नवा आहे, अजून कुणाच्याच मशीनवर नाही. लायब्ररीवर मात्र आज कितीतरी दुसरी पॅकेजेस उभी असतील आणि खरं काम त्यांच्यापाशी आहे. नवं पॅकेज घालण्यापेक्षा जुनं अपडेट करणं जास्त जबाबदारीचं, असं माझं ठाम मत आहे. मी या कामात पडले तेही अपडेटसाठीच.

आवृत्तीचा आकडा बदलण्याआधी जुना आणि नवा असे दोन्ही टारबॉल (सोर्सचे गठ्ठे) शेजारी शेजारी उघडा आणि डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढा. सगळा सोर्स ओळ न् ओळ वाचायची गरज नाही. पण कॉन्फिगर, सीमेक किंवा मेसन यांपैकी जी बिल्ड सिस्टीम असेल तिच्या फायली, न्यूज फाईल आणि लायसन्स, एवढं तरी वाचाच. बिल्ड फायलींमध्ये नवी डिपेंडन्सी (आधी लागणारं दुसरं पॅकेज) सापडते. ती 'असली तर वापरू' अशी असेल तर तुमच्या मशीनवर एक पॅकेज तयार होतं आणि दुसऱ्याच्या मशीनवर दुसरंच. लायसन्स अपडेटमध्ये बदलत नाही असं धरून चालू नका. रेडिस या डेटाबेसनं मार्च २०२४ मध्ये ७.४ पासून बीएसडी लायसन्स सोडत असल्याचं जाहीर केलं. मेकफाईलमधली लायसन्सची ओळ तशीच ठेवून कुणी नुसता आकडा वाढवला असता, तर न स्वीकारलेल्या अटींखालचं सॉफ्टवेअर लोकांच्या मशीनवर गुपचूप गेलं असतं. पीकेजीसोर्स न स्वीकारलेल्या लायसन्सवर बिल्ड थांबवतं, पण ती ओळ खरी असेल तरच.

आता मोठ्या आवृत्तीचं. नवी लायब्ररी बिल्ड झाली की 'मेक प्रिंट-पीलिस्ट' चालवा आणि निघालेली यादी जुन्या पीलिस्टशी (पॅकेज कुठल्या फायली बसवतं त्या यादीशी) ताडून बघा. लायब्ररीच्या फाईलच्या नावात डॉट-एसओच्या पुढचा मुख्य आकडा बदललाय का? समजा ३ चा ४ झालाय. आधीची पॅकेजेस बिल्ड झाली तेव्हा त्यांच्या बायनरीत 'मला एसओ.३ हवी' अशी नोंद झाली आहे. कुठल्याही बायनरीवर 'रीडएल्फ -डी' चालवा, नीडेडच्या ओळींत ती दिसेल. तुमच्या अपडेटनंतर एसओ.३ जाते. मग जो माणूस फक्त म्युझिक प्लेयर वापरतो, ज्याला या लायब्ररीचं नावही माहीत नाही, त्याचा प्लेयर उघडतच नाही. स्क्रीनवर लायब्ररी सापडत नसल्याची एक ओळ येते, बस्स. हे त्याच्यावर येऊ नये म्हणूनच पुढचा सगळा खटाटोप आहे.

ट्रीच्या मुळाशी उभं राहून लायब्ररीच्या बिल्डलिंक३ फाईलचा (लायब्ररी वापरणारी पॅकेजेस हीच आत घेतात) पाथ ग्रेप करा, म्हणजे शोधा. नुसत्या मेकफाईल्समध्ये शोधून थांबू नका, डॉट-एमके आणि मेकफाईल.कॉमनमध्येही शोधा. काही पॅकेजेस ही लायब्ररी थेट घेत नाहीत, दुसऱ्या लायब्ररीच्या बिल्डलिंकमधून ती त्यांच्यात येते. जी यादी निघेल त्या प्रत्येक पॅकेजची पीकेजीरिव्हिजन (आवृत्ती तीच असताना पॅकेज बदलल्याचा आकडा) एकानं वाढवायची आणि लायब्ररीच्या बिल्डलिंक३ मधली एबीआय-डिपेंड्सची (बायनरी जुळायला लागणारी) किमान आवृत्ती वर न्यायची. एपीआय-डिपेंड्स हे वेगळं प्रकरण आहे. सोर्स कंपाईल व्हायला निदान कुठली आवृत्ती लागते ते त्यात असतं. तुमच्या प्रोग्रॅमला नवीच लायब्ररी लागते म्हणून सगळ्यांसाठी ती वाढवू नका, प्रोग्रॅमच्या स्वतःच्या मेकफाईलमध्ये तेवढी अट घाला. खुद्द लायब्ररीची पीकेजीरिव्हिजन मात्र काढून टाकायची, कारण आवृत्तीच नवी झाली.

रिव्हिजन वाढवली म्हणजे ती पॅकेजेस नव्या लायब्ररीवर बिल्ड होतात असा अर्थ नाही. जानेवारी २०२४ मध्ये टॅगलिब या गाण्यांच्या टॅगसाठीच्या लायब्ररीची २.० आवृत्ती आली. बायनरी पातळीवर ती जुन्या आवृत्तीशी जुळत नाही आणि सी++१७ समजणारा कंपायलर लागतो, हे त्यांच्या न्यूजमध्येच होतं. म्हणजे जुने कंपायलर असलेल्या सिस्टीम्सचाही विचार आला. यादीतली पॅकेजेस बिल्ड करून बघा, निदान जी जास्त वापरली जातात ती तरी. एखादं फुटलं तर त्याच्या अपस्ट्रीमनं दुरुस्ती केलीय का बघा. नसेल केली तर तसं स्पष्ट लिहून पाठवा. 'ही दोन फुटतात, कारण हे' असं लिहिलेला पॅच कुणीही आनंदानं बघतं.

जुन्या पॅचेसचंही बघा. पॅचेस डिरेक्टरीत जे आहे ते नव्या सोर्सवर बसतंय का? बसत नसेल तर जबरदस्तीनं बसवण्याआधी वरची कॉमेंट वाचा, कदाचित अपस्ट्रीमनं तो बदल घेतलाही असेल. मग तो काढून टाकायचा. पॅच कमी होणं हे अपडेटमधलं सगळ्यात समाधानाचं काम आहे. उरलेले एमकेपॅचेस या साधनानं नव्यानं बनवा, आणि कॉमेंट नसलेला पॅच ठेवू नका.

आणि 'लिनक्सवर बिल्ड झालं' हे अर्धंच उत्तर आहे. नेटबीएसडीवरही करा, तुमच्याकडे तर दोन्ही आहेत. प्रोग्रॅमच्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये टेस्टच्या कंसात दोन बरोबरची चिन्हं असतील तर बॅश या शेलमध्ये चालतं. पॉझिक्स या मानकातल्या टेस्टला एकच चिन्ह माहीत आहे, बाकी कित्येक शेल तिथं अडतात. हे पीकेजीसोर्स स्वतःच पकडतं आणि बिल्ड थांबवतं, म्हणून ती तपासणी बंद करण्याचा मोह टाळा.

पण तुमच्या प्रोग्रॅमसारख्यात मी आधी इझस्पेस, इझअल्फा आणि टूलोअर या अक्षरं तपासणाऱ्या-बदलणाऱ्या फंक्शन्सच्या हाका (कॉल) शोधेन. त्यांना साधा कॅर (सीमधला एका बाइटचा प्रकार) दिलेला असतो आणि बऱ्याच मशीन्सवर कॅर साइन्ड असतो, म्हणजे उणे होऊ शकतो. या फंक्शन्सना अनसाइन्ड कॅरच्या टप्प्यातला आकडा किंवा ईओएफ (फाईल संपल्याची खूण) एवढंच चालतं. आता गाण्याचं नाव देवनागरीत असेल असं धरा. यूटीएफ-८ मध्ये 'अ' म्हणजे २२४, १६४, १३३ हे तीन बाइट. साइन्ड कॅरमध्ये ते होतात उणे ३२, उणे ९२, उणे १२३. फंक्शन आतल्या तक्त्यात उण्या जागी बघायला जातं, आणि पुढे काय होईल याची हमी सी भाषा देत नाही. इंग्रजी टॅगवर वर्षानुवर्षं ठीक चालणारा प्रोग्रॅम मराठी टॅगवर कोसळू शकतो. हाकेच्या आत अनसाइन्ड कॅरचा कास्ट (प्रकारबदल) घातला की झालं. नेटबीएसडीवाल्यांनी असे पॅच ढीगभर केले आहेत. हा पॅच तुमच्याकडेच ठेवू नका, अपस्ट्रीमला पाठवा.

मेनटेनरबद्दल : ओळ 'ओनर' अशी असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. 'मेनटेनर' असेल तर किरकोळ बदल चालून जातात, पण मोठ्या आवृत्तीसाठी आधी विचारायचंच. त्या जागी पीकेजीसोर्स-युजर्स ही मेलिंग लिस्ट असेल तर पॅकेजला कुणी वाली नाही, पुढे या.

मिहीर_पोर्ट्स

वरदाताईंनी सगळं सांगितलंच आहे. फ्रीबीएसडीवाले कुणी वाचत असतील त्यांच्यासाठी थोडी भर घालतो. पीकेजीसोर्स १९९७ मध्ये फ्रीबीएसडीच्या पोर्ट्स या पॅकेज सिस्टीममधूनच निघालं, त्यामुळे बरंचसं ओळखीचं वाटेल. पीकेजीरिव्हिजनच्या जागी पोर्टरिव्हिजन, एमडीआयच्या (डिस्टइन्फो बनवणाऱ्या आज्ञेच्या) जागी मेकसम, पीकेजीलिंटच्या (पॅकेजमधल्या चुका दाखवणाऱ्या साधनाच्या) जागी पोर्टलिंट. आमच्याकडे पोर्टइपॉक हीसुद्धा एक गोष्ट आहे. अपस्ट्रीम आधी २०२३.०५ असे आकडे देत होतं आणि अचानक १.० वर आलं, तर टूलला नवी आवृत्ती जुनी वाटते. तेव्हा इपॉक वाढवतात. एकदा लावला की तो कायमचा चिकटतो, तेव्हा जपून.

पाठवण्याआधी पूद्रिएर या बिल्डच्या साधनात टेस्टपोर्ट चालवा. तो स्वच्छ जेलमध्ये (बाकी सिस्टीमपासून वेगळ्या कप्प्यात) बिल्ड करतो, त्यामुळे आपल्या मशीनवर आधीच पडलेली लायब्ररी चुकून उचलली जात नाही. मेनटेनरनं दोन आठवडे उत्तर दिलं नाही तर कमिटर (ट्रीत बदल घालू शकणारा) पुढे जाऊ शकतो.

डेबियन या लिनक्समध्ये सोनेम (लायब्ररीचं एसओ.३ सारखं नाव) बदलला की लायब्ररीच्या पॅकेजचं नावच बदलतं आणि बाकीच्यांची ट्रान्झिशन ठरवून करावी लागते. २०२४ मध्ये बहुतेक ३२ बिट सिस्टीम्सचा टाइम-टी (वेळ साठवण्याचा प्रकार) ६४ बिटांचा केला तेव्हा कित्येक लायब्रऱ्यांच्या नावाच्या शेवटी 'टी६४' लागलं, कारण सोनेम तोच राहूनही बायनरी जुळेनाशी झाली होती.

निनाद०७

एवढा व्याप कशाला? टारबॉल उघडायचा, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. यूएसआर-लोकलमध्ये पडू दे. मी असंच करतो, काही अडत नाही.

वरदा_बिल्ड

निनाद, एकट्याच्या मशीनवर आणि एकदाच लागणाऱ्या गोष्टीला हे चालेल, त्यात वाईट काही नाही. पण सहा महिन्यांनी त्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तर तुम्हाला कोण सांगणार? पीकेजीसोर्समधून बसवलेल्याची यादी मशीनवर असते. 'पीकेजी-ॲडमिन'नं असुरक्षित आवृत्त्यांची फाईल आणायची, मग ऑडिट चालवायचं, की तुमच्याकडच्या कुठल्या पॅकेजमध्ये काय ज्ञात दोष आहे ते समोर येतं. हातानं बसवलेलं त्याला दिसत नाही. काढून टाकायचं म्हटलं तरी कुठल्या फायली कुठं पडल्या हे सांगणारी पीलिस्ट तुमच्याकडे नसते.

शिवाय कौस्तुभनं जे शोधून काढलं ते त्याच्या एकट्यापाशी राहतं. पुढच्या माणसाला तोच कॉन्फिगर तसाच फुटताना बघावा लागतो.

कौस्तुभ_एस

ताई, खूप आभार. ग्रेप केलं. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट पॅकेजेस निघाली. इझस्पेसच्या हाकाही सापडल्या, कास्ट घालून अपस्ट्रीमला पॅच पाठवलाय.

एक शंका आहे. डिस्टइन्फोमधले चेकसम मीच माझ्या मशीनवर काढले. मग त्यांनी नेमकं सिद्ध काय होतं? चुकीचा टारबॉल उतरला असता तरी चेकसम त्याचाच निघाला असता. आणि प्रोग्रॅमचा टारबॉल अपस्ट्रीमनं स्वतः बनवलेला नाही, गिटहबनं गिटमधल्या टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) आपोआप तयार केलेला आहे. तो चालेल ना?

वरदा_बिल्ड

शंका अगदी बरोबर जागी आलीय. चेकसम सोर्स चांगला असल्याचं सांगत नाही. तुम्ही जी फाईल पाहिली तीच फाईल पुढच्या प्रत्येकाला मिळतेय, एवढंच तो सांगतो. ब्लेक२एस, एसएचए५१२ आणि साइझ या तीन ओळींचा अर्थ तितकाच. त्याच्या मागे वजन कशाचं, तर तुम्ही ती फाईल खरंच पाहिलीत याचं. न बघता एमडीआय चालवलं तर सगळे मिळून एक न बघितलेली फाईल वापरतात.

एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनाचं प्रकरण आठवा. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉयंड यांनी ते जाहीर केलं. एसएसएचचं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि सीपीयू विनाकारण खातंय, एवढ्यावरून ते मागे लागले होते. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार ठेवलेलं होतं. त्याला सुरू करणारी एम४ फाईल (कॉन्फिगर बनवताना वापरतात ती) गिटच्या रिपॉझिटरीत नव्हती, फक्त रिलीज टारबॉलमध्ये होती. चाचणीच्या फायली म्हणून ठेवलेल्या बायनरींमधून पुढचं सामान बाहेर येत होतं, आणि तेही एक्स८६-६४ लिनक्सवर डेब किंवा आरपीएम बिल्ड होत असेल तरच. म्हणजे ज्यांनी पॅकेज बनवायचं त्यांच्याच बिल्डवर नेम धरला होता. चेकसम सगळीकडे जुळत होते, टारबॉलवरची सहीही खऱ्या मेनटेनरचीच होती.

म्हणून मी मोठ्या लायब्ररीचं अपडेट करताना टारबॉल आणि गिटमधला टॅग यांचाही डिफ काढते. ऑटोटूल्स (कॉन्फिगर बनवणारी साधनं) वापरणाऱ्या प्रकल्पात फरक निघतोच, कारण कॉन्फिगर स्क्रिप्ट टारबॉल बनवताना तयार होते. पण तयार झालेली फाईल कुठली आणि हातानं घातलेली कुठली, हे जरा सवयीनं ओळखता येतं. जी समजत नाही तिच्याबद्दल अपस्ट्रीमला विचारायचं. प्रश्न विचारणं उद्धटपणा नाही, चांगले अपस्ट्रीम आवडीनं उत्तर देतात.

गिटहबच्या आपोआप बनणाऱ्या टारबॉलमध्ये हा फरक नसतो, ही जमेची बाजू. अडचण दुसरी आहे. ती फाईल मागितल्यावर तयार होते, त्यामुळे आतला सोर्स तोच असूनही कॉम्प्रेशन बदललं की चेकसम बदलू शकतो. जानेवारी २०२३ च्या शेवटी तसंच झालं. गिटच्या नव्या आवृत्तीत जीझिपची पद्धत बदलली होती, गिटहबनं ती घेतली, आणि जगभरचे बिल्ड चेकसमवर अडले. मग त्यांनी तो बदल मागे घेतला. अपस्ट्रीमनं रिलीजला स्वतः जोडलेली फाईल असेल तर ती घ्या. नसेल तर आपोआप बनणारी चालते.

कधी त्याच नावाच्या फाईलचा चेकसम वेगळा आला तर लगेच नवा काढून पुढे जाऊ नका. जुनी फाईल जपून ठेवलेली असेल तर दोन्ही उघडून डिफ काढा. एखाद्या अपस्ट्रीमला टारबॉल गुपचूप बदलायची सवय असते, तेही तेव्हाच कळतं. फरक निरुपद्रवी निघाला तर डिस्ट-सबडिर बदलून नवी फाईल वेगळ्या डिरेक्टरीत जाईल असं करा, म्हणजे मिरर सर्व्हर्सवरच्या जुन्या फाईलशी ती मिसळत नाही.

कौस्तुभ_एस

कळलं. टॅगशी ताडून बघितलं, फरक फक्त ऑटोटूल्सच्या फायलींचा आहे. मेनटेनरचंही उत्तर आलं. त्यांची हरकत नाही, पण तिमाही फ्रीझ जवळ आलाय, नंतर करू म्हणाले. तोवर काय करू? यादीतलं एक पॅकेज नव्या लायब्ररीवर फुटतंय, काढून टाकलेलं फंक्शन वापरतं म्हणून.

वरदा_बिल्ड

त्यांचं बरोबर आहे. दर तीन महिन्यांनी ब्रँच निघते आणि त्याआधी ट्री स्थिर ठेवतात. एवढ्या पॅकेजेसना हात लावणारं अपडेट तेव्हा कुणी आत घेत नाही, घेऊही नये. ब्रँच निघाली की पहिल्या आठवड्यात घाला, म्हणजे पुढच्या ब्रँचपर्यंत बल्क बिल्ड्सना (सगळा ट्री एकदम बिल्ड करून बघतात त्यांना) दोष बाहेर काढायला पूर्ण वेळ मिळतो.

तोवर पीकेजीसोर्स-डब्ल्यूआयपी या अजून तयार होत असलेल्या पॅकेजेसच्या ट्रीमध्ये प्रवेश मागा, तिथं नव्या माणसालाही कमिट करू देतात. नवी लायब्ररी आणि प्रोग्रॅम दोन्ही तिथं ठेवा, प्रोग्रॅमची डिपेंडन्सी डब्ल्यूआयपीमधल्या लायब्ररीकडे वळवा. पीकेजीलिंट दोन्हीवर चालवा. तो काही सांगेल तेव्हा त्याचं स्पष्टीकरणही मागवा, नियमामागचं कारण तिथंच वाचायला मिळतं. डब्ल्यूआयपीत टूडू नावाची फाईल ठेवून त्यात फुटणाऱ्या पॅकेजचं नाव आणि कुठलं फंक्शन गेलं ते लिहा.

त्या फुटणाऱ्या पॅकेजच्या अपस्ट्रीमचा गिटचा लॉग बघा. लायब्ररीची मोठी आवृत्ती येऊन काही महिने झाले असतील तर तिथं दुरुस्ती बऱ्याचदा झालेली असते, फक्त रिलीज निघालेलं नसतं. तेवढा कमिट पॅच म्हणून घ्या आणि कॉमेंटमध्ये तो कुठून आला ते लिहा. दुरुस्ती नसेल तर त्या फंक्शनच्या जागी काय वापरायचं हे लायब्ररीच्या न्यूजमध्ये असतं. जमलं नाही तर फुटणारी ओळ आणि एररचा मजकूर इथं टाका, मी बसून बघते.

आणि कमिट मेसेजमध्ये 'आवृत्ती वाढवली' एवढंच लिहू नका. जुन्या आवृत्तीपासून नव्यापर्यंत अपस्ट्रीमनं काय बदललं ते थोडक्यात उतरवा, सोनेम बदलल्याचं सगळ्यात वर.